दावे बांधणाऱ्याचे दायित्व

जीवाला दुःख देऊ नये, हा आचार सर्वांस मान्य आहे. परंतु ज्या जीवाला आपण स्वतः दुःख दिले नाही, केवळ बांधून ठेवले, आणि मग दुःख दुसरीकडून चालून आले, तर त्या दुःखाचा काही वाटा बांधणाऱ्याकडे येतो किंवा नाही? आग मी लावली नाही, वारा मी सोडला नाही, असे म्हणून मनुष्य येथे मोकळा होऊ पाहतो. त्याचे हे मोकळे होणे खरे की खोटे, ते एका प्रत्यक्ष प्रसंगावर घासून पाहावे म्हणजे कळते.

अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्नियात पावसाळा सुरू होण्यापूर्वी वाळवंटाकडून समुद्राकडे कोरडा, सोसाट्याचा वारा सुटतो. त्यास तेथील लोक सांता आना म्हणतात. डोंगरउतारावरची झुडपे तेव्हा वाळून कोळ झालेली असतात. एक ठिणगी पुरते. दिनांक ७ डिसेंबर २०१७ रोजी सॅन डिएगो परगण्यात असाच एक वणवा पेटला. लायलॅक वणवा या नावाने तो ओळखला जातो. बॉन्सॉल गावाजवळ सॅन लुई रे डाउन्स नावाचे शर्यतीच्या घोड्यांचे शिक्षणकेंद्र होते व तेथे त्या दिवशी चारशेहून अधिक घोडे बांधलेले होते. वाऱ्याबरोबर निखारे आले आणि तबेले पेटले. घोडे गाड्यांत भरून नेण्यास अवधी उरला नाही, तेव्हा शिक्षकांनी व मोतद्दारांनी एकेक दार उघडून त्यांना मोकळे सोडले. पुष्कळ वाचले, ४६ मेले. या मेलेल्यांविषयीची एक गोष्ट विचार करणाऱ्यास अस्वस्थ करते. सोडलेल्या घोड्यांपैकी काही घोडे मागे फिरले आणि जळत्या तबेल्यात पुन्हा शिरले.

असे का व्हावे? घोडा हा स्वभावतः पळणारा प्राणी. भय दिसले की दूर पळावे, ही त्याची उपजत रीत. त्या रीतीवर आपण दुसरी रीत चढविली. दाणा तबेल्यात, पाणी तबेल्यात, निवारा तबेल्यात, ओळखीचा हात तबेल्यात. म्हणजे भय वाटले तर तबेला, हे त्याच्या ठायी मुरले. ज्या जागी त्याचा घात होता तीच जागा त्याला अभयाची वाटली, आणि ती तशी वाटावयास लावणारे आपण! म्हणून जाणते लोक सांगतात की घोडा बाहेर काढल्यावर त्याच्यामागे तबेल्याचे दार बंद केलेच पाहिजे.

येथे पूर्वपक्ष असा येतो की, पशू हा मुळात रानातला. दावे कापले, दार उघडले की मालकाचे ऋण फिटले, पुढे त्याचे तो पाहील. हा पक्ष टिकत नाही. ज्याला आपण दहा वर्षे रान विसरावयास लावले त्याला अकराव्या वर्षी एका क्षणात रानाच्या हवाली करणे, याला मुक्त करणे म्हणता येत नाही. शिवाय मोकळा घोडा जातो कोठे? कुंपणाला अडतो, नाही तर धुराने अंध झालेल्या रस्त्यावर येतो, आणि त्याच रस्त्याने माणसे पळत असतात व अग्निशामकांच्या गाड्या येत असतात. दुसरा काहीच उपाय उरला नाही तर सोडावे, हे खरेच. दावणीला जळण्यापेक्षा ते बरे. आपल्याकडेही गोठा पेटला तर शेतकरी प्रथम विळ्याने दावी कापतो. परंतु तो शेवटचा उपाय आहे. त्याला कर्तव्याची पूर्ती समजू नये.

लीळाचरित्रातील सशाची लीळा साधकांस परिचित आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयाला आला व स्वामींनी त्याला पारध्यांच्या हाती दिले नाही. तो ससा आपल्या पायांनी आला होता. त्याला कोणी पकडले नव्हते, बांधले नव्हते. केवळ शरण आला एवढ्यानेच तो रक्षणीय ठरला. मग जो आपल्या पायांनी आलाच नाही, ज्याला आपण मोल देऊन आणले, ज्याचे पाय आपण जखडले, त्याच्याविषयीचे दायित्व याहून हलके कसे असेल? शरण आलेल्याला निदान दुसरीकडे शरण जाण्याची वाट होती. बांधलेल्याला तीही नाही.

राजशासनाने या प्रश्नाकडे कसे पाहिले, हेही उद्बोधक आहे. २००५ साली कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडाले, तेव्हा कुत्र्या-मांजरांना आश्रयस्थानांत घेत नाहीत म्हणून पुष्कळांनी घर सोडण्याचे नाकारले. त्यावरून २००६ साली अमेरिकेत कायदा झाला की आपत्तीच्या योजना करताना स्थानिक शासनांनी घरगुती पाळीव प्राण्यांचाही विचार केला पाहिजे. मात्र त्याच्या अंमलबजावणीसाठी घरगुती प्राण्याची जी व्याख्या ठरली तीत कुत्रा आला, मांजर आले, पक्षी, ससा, कासवसुद्धा आले. घोडा आला नाही. तो शेतीच्या पशूंत गणला गेला आणि शर्यतीचे प्राणी तर स्पष्टपणे वगळले गेले. जो आनंदासाठी पाळला तो घरचा, जो धंद्यासाठी पाळला तो नव्हे, अशी ही विभागणी. शासनाला खर्चाची मर्यादा कोठे तरी आखावी लागते, हे मान्य. परंतु ज्याच्या श्रमावर धन मिळविले त्याचे देणे, ज्याच्याशी खेळलो त्याच्या देण्यापेक्षा कमी, असे नीती म्हणणार नाही.

सॅन लुई रे येथे आणखी एक भेद दिसतो. तेथील बहुतेक घोड्यांचे धनी त्या वेळी तेथे नव्हते. धुरात शिरले ते शिक्षक आणि पगारी मोतद्दार. त्यांत काहीजण भाजले. घोडा ज्याचा, त्याचा जीव सुरक्षित; घोडा ज्याचा नव्हे, त्याने आपला जीव पणाला लावला. धन्याने मोल देऊन सेवा विकत घेतली हे खरे, पण आगीत शिरणे हे कोणत्या वेतनात बसते?

आता यातील सर्वांत कठीण भाग. मनुष्याचा जीव आधी की पशूचा? दिनांक ८ नोव्हेंबर २०१८ रोजी उत्तर कॅलिफोर्नियात कॅम्प वणव्याने पॅरडाइज नावाचे गाव सकाळच्या काही तासांत भस्म केले. त्या वणव्यात ८५ माणसे मेली. अशा घडीला, घोड्यासाठी थांब, असे कोणाला सांगणे हीच हिंसा होईल. जो ज्वाळा ओलांडून परत जातो, त्याच्यामागे त्याला सोडविण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी जावे लागते. म्हणून त्याचे धाडस त्याच्यापुरते राहत नाही. मनुष्याने निघावे, हेच उत्तर. परंतु या उत्तराच्या आड मालकाने लपू नये. ही निवड त्याच्यापुढे त्या सकाळी आली, तरी ती घडली फार आधी. आठ घोडे पाळले, गाडी दोघांचीच ठेवली, रस्ता दरीतून जाणारा एकेरी; तर सहा घोडे ज्या दिवशी विकत घेतले त्याच दिवशी सोडून दिले होते, फक्त वणवा तेव्हा आला नव्हता.

तेथे बाहेर पडण्याची सूचना बहुधा दोन पायऱ्यांनी मिळते: आधी सावधगिरीची, मग सक्तीची. ज्यांच्याजवळ मोठी जनावरे आहेत त्यांनी पहिल्याच सूचनेला निघावे, असे शासन सांगते. दुसरीची वाट पाहणारा शेजाऱ्याचाही रस्ता अडवितो. गाडी नसलेला मालक गरीब असेल, तर त्याला दोष देताना सावध असावे. पण शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवण्यास धन लागत नाही. २०१७ साली डेल मार येथील जत्रेच्या मैदानाने शेकडो घोड्यांना आसरा दिला. २०१८ च्या नोव्हेंबरात मालिबूचे लोक जनावरे घेऊन झूमाच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले. तेथे जीवरक्षकांच्या टेहळणी मचाणाला लामा बांधलेले होते आणि मागे आकाश काळे झाले होते. ते सगळे वेळेवर निघालेले लोक होते.

बाकीची कामे फार लहान आहेत. नायलॉनची मोरकी उष्णतेने वितळून कातडीला चिकटते, म्हणून चामड्याची किंवा सुती असावी. सोडावेच लागले तर अंगावर वा खुरावर रंगाने दूरध्वनीचा क्रमांक लिहावा, म्हणजे वाचलेला घोडा घरी परत येतो. कुत्र्याच्या, मांजराच्या कातडीखाली ओळखीची चकती बसवून घ्यावी. आणि घोड्याला गाडीत चढावयास शिकवावे. ज्याने गाडी कधी पाहिली नाही तो घोडा धुराच्या वासाने बावरलेला असताना फळीवर पाय ठेवीत नाही. ओढले तर उभा राहतो, मारले तर मागे फिरतो. हे शिक्षण शांत दिवसात, दाणा पुढे धरून, कधी अंधारातही द्यावयाचे असते, आणि त्याला काही आठवडे लागतात.