घर कोणत्या वस्तीत घ्यावे?

समृद्धी महामार्ग आमच्या शेलूबाजारजवळून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ज्यांची शेते या रस्त्यात गेली त्यांच्या हाती मोबदला आला, आणि सोयाबीन-तुरीच्या या मुलखात एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला. "गुरुजी, अकोल्याला एखादे घर घेऊन भाड्याने द्यावे म्हणतो. कोणत्या वस्तीत घ्यावे?"

प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याला व्यवहाराचे उत्तरही आहे. वर्षाच्या भाड्यातून कर, दुरुस्ती आणि रिकाम्या महिन्यांची तूट वजा करावी व उरेल ते घराच्या किमतीशी ताडून पाहावे. आपल्या शहरांत ते बहुधा शेकडा दोन-तीनच भरते. बँकेतली ठेव याहून अधिक देते. नदीकाठ पारखून घ्यावा. जुलै २०२१ मध्ये मोर्णेचे पाणी वस्त्यांत शिरले होते. नळ किती दिवसांनी येतो हे दलालाला न विचारता शेजारणीला विचारावे. वैद्यकीय महाविद्यालय, कृषी विद्यापीठ, शिकवणी वर्ग यांच्या आसपास भाडेकरूंचा तोटा नसतो.

इथवर हिशेब सरळ आहे. पण विचारणारा शेवटी म्हणतो, "वस्ती चांगली पाहिजे." चांगली म्हणजे कशी, असे खोदून विचारले की रस्ता, शाळा, पाणी सांगून होते आणि मग आवाज हळूच खाली येतो, "आपलीच माणसे असलेली." अशा घरमालकाचा भाडेकरूला पहिला प्रश्न पगाराचा नसतो, आडनावाचा असतो, दुसरा, चुलीवर काय शिजते याचा. नवी नोकरी लागलेली एखादी परिचारिका अनामत रक्कम पदरात बांधून दारोदार हिंडते. "खोली कालच दिली हो," असे तिला सांगतात. दारावरची पाटी मात्र तशीच लटकत असते.

कोणी म्हणेल, घर माझे, मी ते कोणालाही देईन. घर तुमचे खरेच. पण चांगल्या वस्तीत आपण विटांचे पैसे थोडे मोजतो आणि रस्ता, नळ, इस्पितळ यांच्या शेजाराचे फार. तो शेजार सर्वांच्या करातून उभा राहिला आहे. त्या परिचारिकेचाही त्यात वाटा आहे. सर्वांनी वाढविलेली किंमत घ्यायची आणि त्यांतल्याच काहींना दार लावायचे, हा न्याय कसला?

विदर्भात १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशानुसार रिकामे घर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागे आणि ते कोणाला द्यायचे हे त्यांना ठरविता येई. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला व ती सक्ती गेली. गेली ते बरेच झाले. परंतु सक्ती उठली म्हणजे कर्तव्य उठले असे नाही. ते आता मालकाच्या मनावर येऊन पडले. भाडेकरू घर बळकावील अशी धास्ती असेल तर लेखी करार करून तो नोंदवून घ्यावा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली आहे. धास्तीला औषध कागदाचे आहे; आडनावाचे नव्हे.

म्हणून मी विचारणाऱ्याला एवढेच सांगतो. ज्या वस्तीत कोणत्याही भल्या माणसाला तुम्ही उजळ माथ्याने किल्ली देऊ शकाल, तिथे घर घ्या. तुमचे शेत सर्वांच्या रस्त्यासाठी गेले आहे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला टोलनाक्यावर पैसे मागतात. आडनाव कोणी विचारीत नाही.