आग रामेश्वरी

मुलगी नोकरीसाठी पुण्याला निघाली की सामानाच्या यादीत मेतकूट-लोणच्याच्या बरोबरीने आता मिरचीचा स्प्रेही असतो. 2012 च्या डिसेंबरात दिल्लीत झालेल्या सामूहिक बलात्काराने देशभरातल्या आईबापांची झोप उडवली. जानेवारी 2013 मध्ये मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले. पुढच्या वर्षी कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. एवढी ऐपत असलेली बाई रात्री अकराला शेअर रिक्षाची वाट पाहत उभी असते का, हे विचारायचं राहूनच गेलं.

या सगळ्या आयुधांमागे एकच चित्र आहे: अंधारी गल्ली आणि अनोळखी पुरुष. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी निराळं सांगते. 2022 मध्ये नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी सुमारे 96 टक्के प्रकरणांत आरोपी ओळखीचा होता. बायकांवरच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा, जवळजवळ एक तृतीयांश. स्वयंपाकघरात कोणी खांद्याला पर्स अडकवून वावरत नाही.

आणि रस्ता? त्याच 2022 साली देशात खून झाले 28,522. रस्ते अपघातांत माणसं गेली 1,68,491. हेल्मेट न घालता गेलेले पन्नास हजारांवर, त्यांतले चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले. पुण्यात मात्र हेल्मेटसक्ती म्हटली की मोर्चे निघतात. हेल्मेट कोपरात लटकतं, चौकात मामा दिसले की डोक्यावर चढतं, पट्टा हनुवटीखाली तसाच लोंबत राहतो. धडकेत असं हेल्मेट आधी उडतं, मग डोकं आपटतं. मागे एका बाजूला बसलेल्या बाईची ओढणी चाकाशी फडफडत असते. कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं, असा नियम आहे. पण गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून साडी गार्ड काढून माळ्यावर टाकणारे महाभाग घरोघरी आहेत. बहिणीला स्प्रे आणून देणारेही बहुतेक तेच.

भीतीला चेहरा लागतो. गुंडाला तो असतो, खड्ड्याला नसतो. थकव्याला तर मुळीच नसतो: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि तो ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून खपून जातो.

म्हणून स्प्रेची टिंगल करावी, असं मात्र मला वाटत नाही. त्याच्या भरवशावर एखादी मुलगी संध्याकाळचा क्लास सोडत नसेल, तर तो वसूल झाला. आक्षेप आहे तो स्प्रे दिला की जबाबदारी संपली, या समजुतीला. घरातल्याच माणसाची धास्ती असलेल्या बाईला 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि 181 हा क्रमांक माहीत असणं जास्त उपयोगाचं.

तेव्हा भाऊरायांनो, या भाऊबिजेला बहिणीला दुकानात न्या. तिच्या डोक्याच्या मापाचं, आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घ्या, मागे बसणाऱ्यासाठी दुसरं घ्या, आणि येताना तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. उरलेल्या पैशांत स्प्रे खुशाल घ्या. फक्त त्यावरची मुदत वाचा.