कॅमेऱ्यापाशीच लिहून ठेव

चि. भाच्यास,


परवा फोनवर तू सांगितलंस, की कबड्डीच्या मैदानाभोवती सोळा कॅमेरे लावून सामना हव्या त्या कोनातून दाखवायचं काम तुझ्याकडे आलंय. ऐकून फार बरं वाटलं. पण खेळाडूंच्या कडा फाटतात, चढाईपटूच्या हाताला दुसरा फिकट हात फुटतो, म्हणून आता रेंडरिंगचा कोड नव्याने लिहिणार, असंही तू म्हणालास. तिथे मला राहवलं नाही. कोडला हात लावण्याआधी तुझ्याकडच्या नोंदी काढून बघ.

जिथे कॅमेरा नव्हताच तिथून काय दिसलं असतं, ते आपण प्रेक्षकाला दाखवतो. त्यासाठी रेंडररच्या, म्हणजे हे नवं दृश्य रचणाऱ्या कोडच्या, हाती असतात फक्त सोळा चित्रं आणि प्रत्येक चित्र कुठून, कोणत्या दिशेने, कोणत्या भिंगातून, कोणत्या क्षणी टिपलं याची माहिती. ही माहिती म्हणजेच मेटाडेटा. चित्र ही जमीन धरलीस तर हा तिचा सातबारा. हद्द चुकीची लागली, की जमीन कितीही कसदार असो, भांडण ठरलेलं.

या विद्येचे जुने उस्ताद ताकेओ कानादे. कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी 1995 साली घुमटाकार सांगाड्यावर 51 कॅमेरे बसवून काम सुरू केलं. पुढे जानेवारी 2001 मध्ये टँपाच्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, त्यांच्याच तंत्राने स्टेडियमभोवती तीसहून अधिक यांत्रिक कॅमेरे लागले. माणूस एकच मुख्य कॅमेरा फिरवी आणि बाकीचे सगळे आपोआप त्याच बिंदूकडे वळत. प्रत्येक कॅमेऱ्याची जागा आणि कोन आधी मोजून ठेवलेले होते, म्हणूनच हे जमलं. मधले कोन तिथे निर्माण केलेले नव्हते, दृश्य एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाई. तरीही सगळी मदार त्या मोजमापावर होती.

माझी चूक तुला सांगतो, म्हणजे तुझे तीन आठवडे वाचतील. एका बंदिस्त सभागृहात आम्ही बारा कॅमेऱ्यांनी चित्रीकरण केलं. सकाळी चेकरबोर्ड फिरवून कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याचे आकडे मोजणं, झालं. जेवणाच्या सुट्टीनंतर एका कॅमेऱ्याचा फोकस कुणीतरी किंचित सरकवला. फोकस हलला की बऱ्याच भिंगांत दृश्याचा आवाकाही थोडा बदलतो, म्हणजे फोकल लेंथचा सकाळचा आकडा दुपारी खोटा ठरतो. आम्ही मात्र दुपारच्या चित्रांना सकाळचेच आकडे लावत राहिलो, आणि दोन प्रतिमा जुळेनात म्हणून मिश्रणाचा कोड तीन आठवडे उलटसुलट करत बसलो. कॅलिब्रेशन किती वाजता केलं, एवढी एक ओळ फाईलमध्ये असती, तर संशय पहिल्याच दिवशी तिकडे गेला असता. तेव्हापासून माझा नियम आहे: चित्रीकरणाआधी कॅलिब्रेशन, संपल्यावर पुन्हा कॅलिब्रेशन, आणि दोन्हींवर वेळ.

आता डेप्थ मॅपबद्दल, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक बिंदूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर (खोली) सांगणाऱ्या नकाशाबद्दल, कारण तुझं दुखणं बहुधा हेच आहे. अंतर साठवताना आपण साधारणपणे अंतराचा व्यस्त घेतो आणि जवळची व लांबची अशा दोन मर्यादांमध्ये त्याच्या समान पायऱ्या पाडतो. त्या मर्यादा कुणी ठरवल्या? सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होत्या त्याच राहिल्या असतील, तर गणित करून बघ. 1 ते 100 मीटर मर्यादा, 8 बिट, आणि खेळाडू 12 मीटरवर: एक पायरी सुमारे 56 सेंटीमीटरची पडते! कबड्डीत बोटाच्या स्पर्शावर गुण ठरतो, तिथे अर्ध्या मीटरचा घोळ कसा चालेल? तुझं मैदान 13 बाय 10 मीटरचं. कॅमेरा बाहेर कुठे आहे ते मोजून मर्यादा 6 ते 26 मीटर अशी आवळलीस, तर त्याच 8 बिटांत पायरी सुमारे 7 सेंटीमीटरवर येते. 10 बिट घेतलेस तर 2 सेंटीमीटरच्याही खाली. यात रेंडरिंगचा कोड एका ओळीनेही बदललेला नाही. मात्र प्रत्येक कॅमेऱ्याची मर्यादा वेगळी असेल, तर ती त्याच्या चित्राबरोबर गेलीच पाहिजे. नाहीतर चित्र उलगडणारा कोड भलतंच अंतर वाचेल.

वेळेचंही तसंच. चढाईपटूचा हात सेकंदाला 8 मीटरने झेपावतो असं धर. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत 10 मिलिसेकंदांचा फरक असला, तर तोच हात दोघांना 8 सेंटीमीटर अंतराने दिसतो. तुझा दुसरा फिकट हात कदाचित इथूनच आला असेल. फ्रेम क्रमांकावर विसंबू नकोस, टिपण्याचा खरा क्षण लिही.

अक्षांचा गोंधळ तर रोजचाच. ओपनसीव्हीत वाय खाली जातो, ओपनजीएलमध्ये वर. एमपेगच्या इमर्सिव्ह व्हिडिओच्या मानकात एक्स समोर, वाय डावीकडे, झेड वर. फाईलच्या माथ्यावर अक्ष आणि एकक लिहून टाक.

एक सोय मला मनापासून आवडते. एमपेगच्या त्या मानकात, म्हणजे आयएसओ/आयईसी 23090-12 मध्ये, कॅमेऱ्यांचे आकडे आणि खोलीच्या मर्यादा चित्राबरोबरच प्रवास करतात, शिवाय खोलीची माहिती कमी दर्जाची आहे हेही खूण करून सांगता येतं. खेळाडू एकमेकांना बिलगून पकड करतात तेव्हा खोलीचा अंदाज चुकणारच. तो चुकला असावा हे आधी कळलं, तर रेंडरर त्या खोलीवर कमी विसंबू शकतो. आपल्या अज्ञानाचीही नोंद ठेवण्यात कमीपणा मानू नकोस.

गाउसियन स्प्लॅटिंग, म्हणजे चित्रांवरून शिकून अख्खं दृश्य धूसर ठिपक्यांनी रचण्याची पद्धत, आल्यापासून तुझ्या वयाची मुलं म्हणतात, आता हे सगळं आपोआप शिकलं जातं. पद्धत सुंदर आहे, मीही ती वापरतो. पण कॅमेऱ्यांच्या जागा चुकीच्या दिल्यास, तर ती चूक लपवायला हवेत धुक्याचे ठिपके तरंगू लागतात.

तेव्हा या आठवड्यात कोड उघडू नकोस. सोळाही कॅमेऱ्यांपाशी स्वतः जा, मोज, लिही. आणि चाचणीची चित्रं मला पाठवशील, तेव्हा नोंदींची फाईलही बरोबर पाठव. मी ती आधी उघडणार आहे.

तुझा,
मामा