कोपींतला शेजारी

दिवाळी सरतां सरतां बारामती व इंदापूर तालुक्यांच्या रस्त्यांनीं बैलगाड्या व ट्रॅक्टर येऊं लागतात. त्यांवर भांडीं, गोधड्या आणि सर्वांच्या वर बसलेलीं मुलें असतात. बीड, धाराशिव, जालना ह्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं आलेलीं हीं कुटुंबें माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या आसपास व उसाच्या फडांजवळ बांबू, ताडपत्री व पाचट ह्यांच्या कोप्या उभारून पांच-सहा महिने राहतात. त्या पाहून एक प्रश्न मनांत येतो, तो वाचकांपुढें ठेवितों. ज्याचें घर पन्नास-साठ कोसांवर आहे, परंतु ज्याला अर्धें वर्ष त्यांत राहतां येत नाहीं, त्याला घरचा म्हणावें कीं बेघर? आणि बेघर म्हणावें, तर त्याचा भार कोणावर?

पुष्कळ लोक म्हणतात, "त्याचें घर त्याच्या गांवीं आहे. त्याची काळजी मुकादमानें व कारखान्यानें करावी." ह्या बोलण्यांत सत्य आहे. ज्याच्या कामावर तो येतो त्याचें कर्तव्य पहिलें, आणि आपल्या दयेनें आपण तें झांकून टाकूं नये. परंतु पहिलें कर्तव्य दुसऱ्याचें आहे, एवढ्यानें आपलें कर्तव्य सरत नाहीं.

आधीं घर म्हणजे काय तें पाहूं. १९९५ सालीं चमेली सिंग ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, निवारा म्हणजे केवळ डोक्यावरचें छप्पर नव्हे. पुरेशी जागा, उजेड, हवा, पाणी, स्वच्छता व रस्ता हेंही त्यांत येतें. ह्या मापानें कोपी हें घर नव्हे. पहाटे अंधारांत नवरा-बायको, ज्या जोडीला ह्या धंद्यांत एक 'कोयता' म्हणतात, फडावर जातात. तान्हें मूल पाचटावर निजतें. थोरली मुलगी धाकट्यांस सांभाळते व तिची शाळा बुडते. हंगामाआधीं घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना परतण्याची सोय नाहीं.

शासनाचें घरकुल आहे हें खरें. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत गांवोगांवच्या गरिबांसाठीं सपाट प्रदेशांत १,२०,००० रुपयांचें साहाय्य व निदान २५ चौरस मीटरचें घर ठरविण्यांत आलें. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्याला जागाच नाहीं त्याला आधीं जागा मिळवावी लागते. आणि ज्याला घर मिळालें त्यालाही उचलीपायीं कुलूप लावून निघावें लागतें. भिंती उभ्या राहिल्या म्हणजे मनुष्याचें सर्व कांहीं झालें, असें नाहीं.

१८६५ सालीं लंडन शहरांत ऑक्टेव्हिया हिल ह्या बाईनें, रस्किन ह्या ग्रंथकारानें पुरविलेल्या पैशानें, मोडकळीस आलेलीं कांहीं घरें नीट करून गरिबांस भाड्यानें दिलीं. भाडें घेण्यास ती व तिच्या सोबतिणी दर आठवड्यास स्वतः दारीं जात, आणि त्यामुळें कोण आजारी, कोणाचें काम सुटलें हें त्यांस कळे. परंतु भाडें थकविणाऱ्यास ती घराबाहेर काढी. ओळख अशी दुधारी आहे. तिनें आधार होतो आणि धाकही बसतो. आपल्या जवळच, दौंड तालुक्यांतील केडगांवीं, १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं निराश्रित मुली व स्त्रिया आणून ठेविल्या. त्या छपरावर थांबल्या नाहींत. वाचन, विणकाम व छापखान्याचें काम त्यांनीं शिकविलें, यासाठीं कीं आसरा घेणारी उद्यां स्वतःच्या पायांवर उभी राहावी. छप्पर देणें हें अर्धें काम; मनुष्यास नांवानें ओळखणें व उपकाराखालीं न दाबणें हें उरलेलें अर्धें.

बंधुभगिनींनो, आपल्या वाडवडिलांपैकीं अनेकांची जागा गांवकुसाबाहेर होती. त्यांचें काम गांवास चाले, परंतु त्यांचा हात पाणवठ्यास चालत नसे. काम घेणारें व नांव न विचारणारें गांव कसें असतें, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. तरी आज पक्क्या घराच्या ओट्यावरून आपण कोप्यांकडे बोट दाखवून 'ते बाहेरचे' म्हणतों, तेव्हां आपल्या तोंडीं कोणाचा शब्द असतो?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वर्षांत केव्हांही शाळेंत घेतलें पाहिजे. जुन्या शाळेचा दाखला नाहीं म्हणून त्याला परत पाठवितां येत नाहीं. शिधापत्रिकाही आतां दुसऱ्या जिल्ह्यांत चालते. परंतु अनोळखी मनुष्याचें कोण ऐकतो? सोबत एक गांवकरी लागतो. तो तुम्ही व्हा. हापशावर त्यांना पाणी भरूं द्या. आणि ह्याच्या बदल्यांत कांहींही मागूं नका, उपासनेस येण्याचें वचनही नको. आमिष झालेला शेजार हा शेजार राहत नाहीं.

हें आम्ही दुसऱ्यांस शिकविण्याच्या अधिकारानें लिहीत नाहीं. एका हंगामांत आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर बारा कोप्या होत्या, आणि आम्ही रोज त्यांवरून येत-जात असूं. एप्रिलांत त्या मोडल्या व चुलींची राख तेवढी मागें राहिली, तेव्हां ध्यानांत आलें कीं त्यांतील एकाचेंही नांव आम्हांस ठाऊक नव्हतें. त्या दिवशीं त्या वाटेवर खरोखर बेघर कोण होतें, ह्याचें उत्तर आम्ही अजून शोधीत आहों.