लग्नाविना घर आणि आळंदीची आठवण

मागे राजगुरुनगरास कीर्तन झाले. बुक्का लावून मंडळी उठली, तरी एक बाई खांबाला टेकून बसूनच राहिल्या. मग जवळ येऊन म्हणाल्या, "महाराज, पोरगा चाकणच्या कारखान्यात आहे. तिथं खोली करून एका मुलीसंगं राहतो. लग्न नाही. आता दोघं घरी येतो म्हणतात. आमचे मालक म्हणतात, उंबऱ्याला पाय लागला तर याद राखा. मी काय करू?"

वाचकहो, हा प्रश्न एका घरचा नाही. भीमेकाठचे आपले जुने खेड आता कारखान्यांच्या शेजारात आले आहे. दूरदूरची मुलेमुली पाळीच्या नोकरीला येतात, भाड्याच्या खोलीत राहतात. कोणी एकटा, कोणी एकटी, कोणी लग्नाविना दोघे. इकडे गावात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळेना. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरास तरुण बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले होते. लोक हसले. पण 2011 च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली 894 च होत्या, हे ठाऊक असणाऱ्याला हसू कसे यावे?

तेव्हा पहिली गोष्ट ही की, एकटे राहणे हा काही अपराध नव्हे. निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, सोपानदेव, मुक्ताबाई ही चारही भावंडे अविवाहित. जनाबाई नामदेवरायांच्या घरी दासी म्हणून राहिली, तिचा वेगळा संसार नाही. याच खेडचे हुतात्मा राजगुरू 23 मार्च 1931 रोजी फासावर गेले, तेव्हा अवघे 22 वर्षांचे आणि अविवाहित होते. उलट नाथमहाराज आणि तुकोबाराय गृहस्थाश्रमी. पांडुरंगाने कोणाला लग्नपत्रिका विचारली? मग घरातल्या अविवाहित आत्याला किंवा बहिणीला मंगलकार्यात आपण मागे का सारतो?

दुसरी गोष्ट कठीण आहे. विठ्ठलपंतांनी काशीस संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते आळंदीस परत येऊन रुक्मिणीबाईंशी संसार करू लागले. समाज म्हणाला, हा संसारच नव्हे. त्यांना वाळीत टाकले. देहान्त प्रायश्चित्त सांगितले. परंपरा सांगते की त्या दोघांनी जलसमाधी घेतली, आणि तरीही लेकरांना 'संन्याशाची पोरे' हेच नाव उरले. ज्यांनी दार लावले त्यांचे नाव आज कोणी घेत नाही, आणि त्या लेकराच्या समाधीवर लाखो लोक माथा टेकतात! दरवर्षी आळंदीला जाऊन आपण हे विसरतो, मग वारी कशाची केली?

पण म्हणून 'चालू द्या' एवढे म्हणून सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले की सज्ञान दोघांनी एकत्र राहणे हा गुन्हा नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने, लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण दिले. परंतु एका खोलीत राहिले की ते संरक्षण लागू झाले, असे नाही. दोघे लग्नाला पात्र हवेत, पुरेसा काळ राहिलेले हवेत, लोकांत जोडपे म्हणून वावरणारे हवेत. 2013 सालच्या एका खटल्यात पुरुष आधीच विवाहित होता आणि बाईला ते ठाऊक होते. तिला हे संरक्षण मिळाले नाही. शिवाय हिंदू वारसा कायद्यात सोबतीण ही पत्नीसारखी वारस नाही. उद्या मुलगा अपघातात गेला, तर आठ वर्षे त्याचा डबा भरणारी रिकाम्या हाताने खोलीबाहेर पडेल. लग्नाचे मोल मांडवात नाही, या जबाबदारीत आहे. ज्याला मोकळीक हवी पण जबाबदारी नको, त्याचा कान आईनेच धरावा.

मी त्या बाईंना म्हटले, "माऊली, दोघांना येऊ द्या. आधी जेवू घाला. मग त्या मुलीला एकटीला जवळ बसवून विचारा, बाई, तू राजीखुशीनं आहेस ना? नंतर लेकाला विचारा, लग्न का अडलं? मांडवाचा खर्च, जात, का मनच नाही? खर्च अडत असेल तर 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरतात. जात आडवी येत असेल तर ती गाठ तुमच्या घरची, सोडवायचीही तुम्हीच. आणि मनच नसेल, तर त्या मुलीला फसवू नको, असं स्पष्ट सांगा."

बाई म्हणाल्या, "आणि मालक?"

"त्यांना यंदा कार्तिकीला आळंदीस घेऊन या. समाधीपुढं उभं राहून विठ्ठलपंतांची गोष्ट सांगा. मग दार लावायचं की उघडायचं, ते तिथंच ठरवू द्या."

आपल्याही घरी असा प्रश्न आला असेल किंवा येईल. तेव्हा आधी दार उघडावे, मग बोलावे.

रामकृष्णहरि.