आडव्या बाटलीचा हिशेब

दारूचे दुकान गावात राहावे की जावे, हे गावातील स्त्रियांनी मत देऊन ठरवावे, अशी सोय महाराष्ट्र शासनाने करून ठेवली आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. एक बाटली उभी, एक आडवी. २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के स्त्री-मतदारांनी अर्ज करावा, त्यांच्या सह्यांची आणि अंगठ्यांची पडताळणी व्हावी, मग गुप्त मतदान व्हावे. आणि नोंदलेल्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, तर दुकान बंद व्हावे. वाचताना हे सारे न्याय्य वाटते. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटत होते.

थोडा हिशेब करून पाहावा. गावच्या यादीत हजार स्त्रिया आहेत. त्यांपैकी सहाशे मतदानाला आल्या. चारशे ऐंशी जणींनी आडवी बाटली पसंत केली, एकशे वीस जणींनी उभी. कोणत्याही निवडणुकीत हा दणदणीत विजय ठरला असता. येथे तो पराभव आहे, कारण पाचशे एक हव्या होत्या. ज्या चारशे आल्याच नाहीत, त्यांना नियमाने निमूटपणे उभ्या बाटलीच्या बाजूला नेऊन बसविले. लग्न होऊन सासरी गेलेली लेक, गेल्या वर्षी वारलेली आजी, यांची नावे यादीतून निघाली नसतील, तर त्याही दुकानाच्या बाजूने उभ्या! आमदार ज्या मापाने निवडून येतो, ते माप या बायकांना पुरत नाही.

आमच्या भागात ही गैरहजेरी केवळ आळसाची नसते. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, जळकोट या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोयता जोडीने घ्यावा लागतो, म्हणून बाईही जाते. मतदान हिवाळ्यात झाले, तर जिचा नवरा उचलीतले पैसे प्यायला, तीच नेमकी फडात असणार. तिचे मौन दुकानाची संमती म्हणून मोजले जाते.

या कठोर मापाच्या बाजूने काही बोलता येत नाही असे नाही. परवानाधारकाचा धंदा कायदेशीर आहे, आणि पिणारा मनुष्य प्रौढ आहे. दुसऱ्याचे स्वातंत्र्य आकुंचित करावयाचे तर मूठभरांच्या उत्साहावर ते होऊ नये. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात दारूबंदीला विरोध केला तो याच भूमिकेवरून. मात्र त्याच ग्रंथात तो हेही मान्य करतो, की व्यसनापायी कुटुंबाचे पोषण टाळणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. ती पिण्याबद्दल नव्हे, तर कर्तव्य मोडल्याबद्दल. हा भेद कागदावर स्वच्छ आहे. खोलीच एक असलेल्या घरात तो कोठे आखावयाचा, हे मला उमगत नाही.

आणि मिल ज्याला शासन म्हणतो ते तटस्थ असते. आपले शासन या व्यवहारात भागीदार आहे. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुल्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध लिहिले, तेव्हापासून हा झगडा चालू आहे. मराठवाड्याला तर तो अधिक जवळचा. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता, म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या सत्याग्रह्यांनी शिंदीची झाडे तोडली. झाड तोडणे म्हणजे सरकारचे उत्पन्न तोडणे, हे तेव्हा कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. निजाम गेला, महसूल राहिला. राज्यघटनेचे सत्तेचाळिसावे कलम मादक पेयांना आळा घालण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते, आणि राज्य ते कर्तव्य अर्ज लिहिणाऱ्या बाईवर टाकते. मतदान गुप्त असते, हे खरे. अर्ज गुप्त नसतो. पडताळणीच्या वेळी ‘हा अंगठा माझाच’ असे तिला उघडपणे सांगावे लागते, आणि संध्याकाळी घरी जावे लागते.

मौन कोणाच्या पदरात टाकावे, हा निसर्गनियम नाही. तो कोणीतरी ठरवितो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशात, आदिवासींच्या दूरच्या वस्त्यांवरील मद्यबंदी २०२२ साली संपली, आणि आलिस स्प्रिंग्जमधील गोंधळानंतर २०२३ साली पुन्हा लागू झाली. तेथे बंदी हीच मूळ स्थिती धरली. ज्या वस्तीला दारू हवी असेल, तिने योजना करून लोकांचा कौल मिळवावा. म्हणजे आपल्या नेमके उलट. तेही निर्दोष नाही, कारण एका समाजावरच वेगळा कायदा लादल्याचा आक्षेप तेथे आहेच. परंतु मौनाचे ओझे दुसऱ्या खांद्यावर देता येते, एवढे त्यावरून दिसते.

दुकान गेले म्हणजे दारू गेली, असे मी मानत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि अवैध विक्रीचे कारण पुढे करून २०२१ साली मंत्रिमंडळाने ती उठविली. देगलूर-धर्माबादहून तेलंगण आणि उदगीर-देवणीहून कर्नाटक किती जवळ, हे पिणाऱ्याला सांगावयास नको. तथापि बंदी फसते का हा एक प्रश्न, आणि जिला विचारले तिचे उत्तर प्रामाणिकपणे मोजले का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही असो, दुसरा उरतोच.

माझे मत विचाराल तर, आलेल्या मतांचे बहुमत पुरे मानावे; फार तर अमुक इतक्या जणी आल्याच पाहिजेत, अशी अट घालावी. मतदानाआधी यादी तपासून वारलेल्यांची आणि सासरी गेलेल्यांची नावे काढावीत. आणि तारीख टोळ्या गावी परतल्यावर, पेरणीच्या आधीची धरावी. कारखान्यांचा हंगाम कधी संपतो, हे जिल्हाधिकारी कचेरीला ठाऊक असतेच.