नाईक घाडगे कुणाच्या बाजूने लढला?

माणगावच्या तहसील कचेरीसमोर यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. वाद त्यावरूनच पेटला. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मी शाळेत इतिहास शिकवते. म्हणजे वादाला आम्हाला निमित्तही लागत नाही.

"पळसगावचा पोरगा," मामा म्हणाले. "जन्म १९२१चा, गेला १० जुलै १९४४ला. तेवीसही पुरी नव्हती. इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला."

"व्हिक्टोरियाचाच ना? मामा, तेव्हा इकडे साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार ह्याच इंग्रजांशी झुंजत होतं. तिकडे इंफाळहून आझाद हिंद सेना माघारी फिरत होती. आपलीच पोरं दोन्ही बाजूंनी मरत होती. मग पुतळ्यापुढे मी हात जोडायचे ते नेमके कशाला?"

"आधी घडलं काय ते तर ऐक. त्याच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुटली. कुणी मेले, कुणी जखमी झाले, उभा राहिला हा एकटा. बरोबर यायला कुणी उरलं नाही हे त्याला दिसत होतं. तरी धावला. ग्रेनेड टाकून गन आणि गनर दोन्ही उडवले. टॉमीगननं आणखी एकाला पाडलं आणि मॅगझिन संपलं. ते बदलायचं म्हणजे दोन्ही हात गुंतणार, नजर खाली जाणार, आणि समोर दोघं अजून उभे. यानं नळी धरली, गन उलटी केली आणि बटनं दोघांना ठेचलं. मग स्नायपरनं त्याला टिपलं."

सांगताना मामांनी मुठी अशा आवळल्या की ती माणसं किती जवळ असतील ते मला कळलं. प्रशस्तिपत्र वाचून ते कळत नाही.

"हे शौर्य मी नाकारतच नाही. पण ते चौघंही गन सोडून पळाले नाहीत. नुसत्या धाडसाला मुजरा करायचा तर त्यांनाही करा."

"करतो की. पण बाजू सारख्या नव्हत्या. हिटलर जिंकला असता म्हणजे?"

"इथंच तर अडतं. बाजू बरोबर असेल, पण निवडली कुणी? १९३९मध्ये व्हाइसरॉयनं इथल्या कुणाला न विचारता देश युद्धात ओढला. १९४३ला बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं गेली, ती काही हिटलरच्या राज्यात नव्हे. एका जुलमाविरुद्ध दुसऱ्या जुलमाच्या पगारावर लढणं झालं हे."

"पगार म्हणालीस ते बरं केलंस. कोकणातला माणूस पोटासाठी जायचा तो मुंबईच्या गिरणीत, नाहीतर पलटणीत. भात सगळं वर्ष पुरत नव्हतं. त्याला तू परीक्षेतला प्रश्न घालतेस, साम्राज्य की स्वातंत्र्य!"

"मग त्या शेवटच्या धावेचं श्रेय तरी त्याला कसं देता? तीही ट्रेनिंगनंच करवून घेतली म्हणा. भरती नाइलाजाची आणि मरण मात्र स्वखुशीचं, असं सोयीनं नाही चालायचं."

मामा थांबले. वादात त्यांना असं थांबलेलं मी क्वचितच पाहिलंय.

"ट्रेनिंग आधी आडोसा घ्यायला शिकवतं," ते म्हणाले. "तो आडवा पडून राहिला असता तर कुणीही बोट दाखवलं नसतं. सगळा सेक्शन पडल्यावर नाईकानं एकट्यानं काय करावं, याचा धडा नसतो. तिथं राजा नव्हता, पगार नव्हता. आजूबाजूला त्याचीच माणसं पडलेली. गन चालू राहिली असती तर जखमी झालेलेही गेले असते. तेवढा निर्णय त्याचा."

मला हे पटलं, पण अर्धंच. कारण तो निर्णय लगेच दुसऱ्यांच्या मालकीचा झाला. सम्राटानं पदक दिलं, ते तरुण विधवेच्या हाती आलं. स्वतंत्र कबर नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर. इटलीत ५,७८२ हिंदी सैनिक पडले, पण आमच्या पाठ्यपुस्तकाला ते कुठं बसवावेत हेच समजत नाही. इंग्रजांचे म्हणावे तर आपले, आपले म्हणावे तर इंग्रजांचे. इटलीतल्या मोंतोने गावाला ही अडचण नव्हती. २०२३मध्ये तिथं घाडगे यांचं सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं. त्या गावाच्या लेखी तो जर्मनांना हुसकायला आलेल्यांतला एक, बस्स. आपल्याला एवढं साधं उत्तर परवडत नाही, आणि परवडू नये असंच मला वाटतं.

"तुम्ही उठला असता, मामा?"

"सांगता येत नाही. आणि छातीठोकपणे 'उठलो असतो' म्हणणाऱ्याच्या हाती मी सेक्शन दिला नसता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू गं? बेचाळीसला साताऱ्याच्या पोरांत गेली असतीस?"

"माझी नोकरी सरकारी आहे, मामा."

"त्याचीही सरकारीच होती."